दोन्ही घरचा पाहुणा

ग्रिम्झबी, फेब्रुवारी, रात्रीचे दोन.
मासळीच्या शीतगोदामामागे एक खोली, तिला खिडकी नाही,
तरी हॅडॉकचा वास आत येतोच.
रॅकमध्ये दोन स्विच, एकावर एक,
एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे.
मी वरच्याला थोरली म्हणते, खालच्याला धाकटी.

डेझमंड टक्सफर्ड, रात्रपाळीचा, दारात चहा घेऊन उभा.
"शाल," म्हणतो (शाल्मली त्याच्या दातांत अडकतं),
"सहाला ट्रक लागतील. तोवर माझे थर्मामीटर बोलते ठेव."

बोलते ठेवणं, एवढंच तर काम.
प्रत्येक सर्व्हरला दोन केबली,
एक थोरलीच्या हातात, एक धाकटीच्या,
आणि त्याला कळू द्यायचं नाही की त्या दोघी आहेत.
दोघींना मी एकच ओळख दिली,
एकच गटक्रमांक, आकड्याला आकडा.
आपल्याकडे म्हणतात, दोन्ही घरचा पाहुणा उपाशी.
इथे उलट: एका घरची चूल विझली
तरी त्याच्या पानात वाढणं थांबत नाही.
निदान कागदावर.

दोघींच्या मधे एक जाड दुवा,
कोण कुठून आलं, कुणाचा पत्ता कुठे, ते एकमेकींना सांगायला.
आणि त्याशिवाय, वेगळ्या वाटेने, एक बारीक तार.
तिच्यावरून दर सेकंदाला एवढंच:
आहेस का?
आहे.
आहेस का?
आहे.

दोन चाळीस. चाचणी.
एका सर्व्हरची एक केबल उपटली:
पिंगचा एक थेंब गळला, मग पुन्हा धार.
डेझमंडने अंगठा दाखवला.
मग मी मधला दुवा ओढला

आणि दोघी एकदम थोरल्या झाल्या.
दोघींना वाटलं, दुसरी गेली.
दोघी एकाच पाहुण्याला
आपापल्या दारात ओढू लागल्या
आणि पडद्यावरचे उणे बावीसचे आकडे
एकेक करून प्रश्नचिन्हं झाले.
डेझमंड काही बोलला नाही. चहा खाली ठेवला.

चूक माझीच, दुपारची.
बारीक तार मी वेगळी काढलीच नव्हती,
तिचा निरोपही त्याच जाड दुव्यातून जात होता.
पूल पडला का ते बघायला धाडलेला माणूस
त्याच पुलावरून चालला होता.

दुवा परत खोचला. आकडे आले.
मग शिडी, चिमटे, नवी पिवळी केबल,
भिंतीच्या त्या अंगाने, पाइपांच्या वरून,
डेझमंड खालून सोडतोय, मी वर ओढतेय.
त्याच्या बोटांना संधिवात आहे हे तेव्हा कळलं.

ताई धुळ्याला असते.
आई होती तोवर सहा महिने तिच्याकडे, सहा माझ्याकडे.
ताईला सांग, शालूला सांग,
आमचं सगळं आईतून जायचं.
तीन वर्षं झाली.
दोघी आपापल्या घरी थोरल्या आहोत.

हे शिडीवर सुचलं असं नाही.
नंतर, गाडीत, काचेवरचा बर्फ खरवडून बसल्यावर.

त्याआधी, चार वाजता, पुन्हा ओढला मधला दुवा.
या वेळी धाकटीने पिवळ्या वाटेने विचारलं,
थोरली म्हणाली, आहे,
आणि धाकटीने मुकाट आपली पोर्टं मिटली.
हरली नाही. बाजूला झाली फक्त.
आकडे येत राहिले: उणे बावीस, उणे बावीस, उणे एकवीस.
"तीन नंबरचं दार कुणीतरी उघडं टाकलंय,"
डेझमंड म्हणाला, आणि गेला शिव्या देत.

धुळ्यात आता अकरा वाजून गेले असतील.
फोनवर लिहिलं: आहेस का?

स्विच पाच सेकंद वाट बघतो
आणि समोरच्याला मेलेला धरतो.
मी हीटर लावला, हातमोजे काढले.
पहिला ट्रक फाटकाशी वळत होता, दिवे न विझवता.